संगणकावरील गृहआरेखन: मापाची शिस्त

घराचा आराखडा संगणकावर काढणे म्हणजे कागदावरच्या रेषा पडद्यावर नेणे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात या दोन कामांत मूलभूत फरक आहे. ड्रॉइंग बोर्डावरील आरेखक प्रत्येक माप आधी लहान करीत असे, म्हणजे १:१०० या प्रमाणात तीन मीटरची खोली कागदावर तीन सेंटिमीटरची होत असे. डिसेंबर १९८२ मध्ये बाजारात आलेले ऑटोकॅड आणि त्यासारखी सॉफ्टवेअरे यांत मात्र घर खऱ्या मापातच काढले जाते आणि प्रमाणाचा प्रश्न केवळ छपाईच्या वेळी उद्भवतो. ही सोय मोठी असली तरी तिच्यासोबत एक धोका येतो: चुकीचे मापही पडद्यावर बरोबर मापाइतकेच रेखीव दिसते. म्हणून या कामातील कौशल्य आज्ञा पाठ करण्यात नसून मापाची शिस्त पाळण्यात आहे.

ही शिस्त संगणक सुरू होण्यापूर्वी, जागेवरच सुरू होते. जुन्या घराची दुरुस्ती किंवा वाढ करायची असेल, तर खोलीच्या चारही भिंती मोजून भागत नाही, कारण चार बाजू ठाऊक असूनही चौकोनाचा आकार निश्चित होत नाही. त्यासाठी निदान एक कर्ण मोजावा लागतो. ३००० बाय ३६०० मिलिमीटरची खोली खरोखर काटकोनात असेल, तर तिचा कर्ण ४६८६ मिलिमीटर भरतो. तो तसा भरला नाही, तर खोली गुण्यात नाही, हे मान्य करून ती आहे तशीच काढावी. यासाठी एक भिंत पायारेषा धरून तिच्या एका टोकावर लगतच्या भिंतीच्या लांबीइतक्या त्रिज्येचे आणि दुसऱ्या टोकावर कर्णाइतक्या त्रिज्येचे वर्तुळ काढावे. ही दोन वर्तुळे खोलीच्या बाजूला जिथे छेदतात, तोच तिसरा कोपरा होय. चौथा कोपराही याच रीतीने मिळतो.

रेखाटनाची पहिली पायरी म्हणजे एकक ठरवणे. बांधकामाची रेखाचित्रे मिलिमीटरमध्ये असतात, तर घरमालक आणि बहुतेक गवंडी फूट-इंचात बोलतात. परंतु एकाच चित्रात दोन एकके मिसळली, तर इंचात काढलेला पलंग मिलिमीटरच्या खोलीत २५.४ पट लहान होऊन येतो. बाहेरून आणलेले कोणतेही चित्र वापरण्यापूर्वी त्यातील एखाद्या दाराची रुंदी मोजून पाहिली, तर हा दोष तत्काळ उघड होतो. भिंतींची जाडीही अंदाजाने धरू नये. नऊ इंची विटांची भिंत २३० मिलिमीटर आणि साडेचार इंची भिंत ११५ मिलिमीटर धरण्याचा प्रघात आहे. कोकणात जांभ्याच्या चिऱ्याचे बांधकाम असेल, तर चिरा ज्या खाणीतून येणार, तेथील प्रत्यक्ष माप घेणे श्रेयस्कर ठरते.

भिंती काढताना एक रेषा ओढून तिची समांतर प्रत ठरावीक अंतरावर उमटवणारी ‘ऑफसेट’ ही आज्ञा, रेषा आडवी वा उभीच राहील याची खात्री देणारा ‘ऑर्थो’ आणि रेषेचे टोक, मध्य किंवा छेदबिंदू नेमका पकडणारा ‘ऑब्जेक्ट स्नॅप’ यांवर बहुतेक काम भागते. यांतील स्नॅप बंद ठेवून नजरेने जुळवलेले कोपरे पडद्यावर जुळलेले भासतात, परंतु तेथे एखाद्या मिलिमीटरची फट राहते. मग त्या खोलीचे क्षेत्रफळ काढायला गेले असता सीमा बंद नसल्याची सूचना मिळते आणि दोष शोधण्यात दुपार जाते.

चित्र थरांमध्ये, म्हणजे ‘लेयर’मध्ये, विभागणे ही पुढची शिस्त आहे. भिंती, दारे-खिडक्या, फर्निचर, वीज, नळ व सांडपाणी आणि मापे यांना स्वतंत्र थर दिले, की एकाच फाइलमधून गवंड्याला भिंतींचा, वायरमनला विजेचा आणि प्लंबरला नळांचा नकाशा काढून देता येतो. महाराष्ट्रातील अनेक महानगरपालिकांत मंजुरीसाठी आलेले नकाशे संगणकाद्वारे तपासले जातात आणि त्या तपासणीसाठी प्रत्येक घटक नेमून दिलेल्या थरावर असावा लागतो. त्यामुळे ही शिस्त केवळ नीटनेटकेपणाची बाब राहत नाही. वारंवार लागणारे दार वा खिडकी एकदाच काढून तिचा ‘ब्लॉक’, म्हणजे एकसंध वस्तू, करावी. असा ब्लॉक ‘शून्य’ नावाच्या मूळ थरावर काढला, तर तो ज्या थरावर ठेवला जाईल त्याचा रंग व रेषाप्रकार आपोआप घेतो. दाराच्या ब्लॉकमध्ये फळी उघडण्याची कमानही काढलेली असावी. फळीमागे स्विचबोर्ड लपतो का, संडासाचे दार भांड्याला अडते का, हे त्या कमानीमुळेच कळते.

सर्वाधिक चुका दोन ठिकाणी होतात. पहिले ठिकाण गिलाव्याचे. विटेपासून विटेपर्यंत ३००० बाय ३६०० असलेल्या खोलीला आतून १२ मिलिमीटरचा गिलावा झाला, की २९७६ बाय ३५७६ एवढीच जागा उरते आणि पूर्ण तीन मीटरचे कपाट आखूड भिंतीलगत बसत नाही. या खोलीचे क्षेत्रफळ गिलाव्याआधी सुमारे ११६.२५ आणि गिलाव्यानंतर सुमारे ११४.५ चौरस फूट भरते. चौरस मिलिमीटरच्या आकड्याला दहा लाखांनी भागून १०.७६४ ने गुणले, की चौरस फूट मिळतात. सदनिकेचे चटईक्षेत्र मोजताना स्थावर संपदा कायदा, २०१६ ची व्याख्या ध्यानात ठेवावी: बाहेरच्या भिंती, बाल्कनी, खुली गच्ची आणि सेवावाहिन्यांच्या पोकळ्या तीत धरल्या जात नाहीत, आतल्या विभाजक भिंती मात्र धरल्या जातात. म्हणून क्षेत्रफळाची बंद रेषा बाहेरच्या भिंतींच्या आतल्या कडेने फिरवावी.

दुसरे ठिकाण जिन्याचे. जिन्याची उंची फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत धरावी, छतापर्यंत नव्हे. ही उंची ३००० मिलिमीटर आणि पायरीची उंची १५० असेल, तर वीस चढ लागतात. ते दहा-दहाच्या दोन टप्प्यांत विभागले, तर प्रत्येक टप्प्यात नऊच पायऱ्यांची रुंदी मोजावी लागते, कारण दहावा चढ थेट चौथऱ्यावर पोहोचतो. २५० मिलिमीटरच्या नऊ पायऱ्यांचे २२५० आणि वळणाच्या चौथऱ्याचे १००० मिळून ३२५० मिलिमीटर होतात, शिवाय मजल्यावर उतरण्याची जागा वेगळी लागते. नकाशातील इतर खोल्या बसवून उरलेल्या जागेत जिना कोंबण्याची सवय सॉफ्टवेअर थांबवत नाही. त्याला सांगाल तेवढ्या अरुंद पायऱ्या ते निमूटपणे काढून देते.

मापे लिहिताना आकडा हाताने बदलण्याची मुभा सॉफ्टवेअर देते, परंतु ती कधीही वापरू नये. आकडा बदलला आणि रेषा तशीच राहिली, की चित्र व माप यांचा संबंध तुटतो. छपाईपूर्वी मापांची साखळी बेरजेने पडताळावी: २३० ची भिंत, ३००० ची खोली, ११५ ची भिंत, ३६०० ची खोली आणि २३० ची भिंत यांची बेरीज ७१७५ आली पाहिजे व घराचे एकूण मापही तेवढेच दिसले पाहिजे. अक्षरांची उंचीही कागदाच्या हिशेबाने ठरवावी. १:१०० च्या छपाईत २.५ मिलिमीटरचे अक्षर हवे असेल, तर चित्रात ते २५० चे असावे लागते. छापताना ‘कागदात बसवा’ हा पर्याय निवडला, तर प्रमाण बिघडते. म्हणून प्रमाण आकड्यानेच द्यावे आणि छापील प्रतीवर पट्टी लावून एक माप तपासावे.

स्केचअप किंवा मोफत मिळणारे स्वीट होम थ्रीडी यांसारख्या सॉफ्टवेअरांत घर त्रिमितीत दिसते आणि घरमालकाला ते चटकन उमजते, परंतु तेथेही कर्ण, गिलावा आणि जिना यांचा हिशेब रेखाटणाऱ्यालाच करावा लागतो. नवशिक्या आरेखकाने आणि स्वतःच्या घराचा नकाशा काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने प्रथम राहती एक खोली कर्णासह मोजून काढावी, ठरलेल्या प्रमाणात छापावी आणि ती प्रत हातात घेऊन प्रत्येक माप त्याच खोलीत पुन्हा टेपने पडताळावे. हा पडताळा जमल्यावरच पूर्ण घराचे रेखाटन हाती घ्यावे.