इंदोजिन, पण भाषा कोणती?

नेरूळला संध्याकाळच्या वर्गात मी जपानी शिकवतो. पहिल्याच आठवड्यात मुलांना दोन शब्द देतो : ‘जिन’ म्हणजे माणूस आणि ‘गो’ म्हणजे भाषा. देशाच्या नावाला ते जोडत जायचे. निहोन म्हणजे जपान. तिथला माणूस निहोनजिन, भाषा निहोनगो. तसेच फ्रान्सचे फुरान्सुजिन, फुरान्सुगो. मराठीत ‘जपानी’ हा एकच शब्द माणसालाही चालतो नि भाषेलाही. तिथे मात्र स्वच्छ वाटणी आहे.

गंमत होते ती इंग्रजांपाशी. ब्रिटन म्हणजे ‘इगिरिसु’, माणूस इगिरिसुजिन. भाषा मात्र ‘एइगो’. इंग्लंडचे नाव पूर्वी चिनी अक्षरांत लिहीत, त्यातले पहिले अक्षर ‘एइ’. अमेरिकाजिनची भाषाही एइगोच. आता ‘इगिरिसु’ कुठून आला? पोर्तुगीजांकडून. १५१० मध्ये गोवा घेणारे हे दर्यावर्दी १५४३ मध्ये जपानला पोचले. आपला ‘इंग्रज’ हा शब्दही त्यांच्याकडूनच आलेला. वड्याबरोबरचा पाव आणि जपान्यांचा ‘पान’ हेही एकाच पोर्तुगीज शब्दाचे वंशज!

आता आपल्याकडे वळू. भारतीय माणूस म्हणजे इंदोजिन. मग नियमाने ‘इंदोगो’ व्हायला हवे. पण अशी भाषाच नाही. हिंदीगो आहे, तामिरुगो आहे आणि आपली मराठीही आहे. जपानीत ‘ठ’ नसल्याने ती होते ‘मारातीगो’.

जपानी मुले शाळेत स्वतःच्या भाषेला ‘कोकुगो’, म्हणजे देशाची भाषा, म्हणतात. त्यामुळे ‘तुमच्या देशाची भाषा कोणती?’ हा प्रश्न तिथला माणूस सहज विचारतो. नव्या मुंबईतल्या माझ्या वर्गात मराठी, मलयाळी, गुजराती, पंजाबी अशी सगळी घरे आहेत. तरी बहुतेक मुले ‘हिंदीगो’ म्हणून मोकळी होतात. मी त्यांना ‘बोगो’ हा शब्द शिकवतो. ‘बो’ म्हणजे आई. बोगो म्हणजे मातृभाषा. घरात जी बोलता, तीच सांगा.

एक देश, एक भाषा हे खुद्द जपानलाही पुरते लागू नाही. होक्काइदो बेटावरच्या आयनू लोकांची आयनूगो ही अगदी निराळी भाषा. शाळांतून जपानीच शिकवली गेली, घरीही पुढच्या पिढीला जपानीच बरी वाटू लागली. २०१९ च्या कायद्याने आयनूंना मूळ रहिवासी म्हणून मान्यता मिळाली, पण तोवर ती भाषा जन्मापासून बोलणारे अगदी मोजके उरले होते. म्हणून कोणी भाषा विचारली, तर ‘मारातीगो’ म्हणायला संकोच करू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)