पीआरपीने दातातला पू जात नाही
बालाघाटात प्लेटलेट म्हटलं की आधी डेंगू आठवतो. आकडा घसरला, पिशवी मिळवा, गोंदियाला हलवा. त्यामुळे दाढ काढल्यावर ‘तुमच्याच रक्तातल्या प्लेटलेट जखमेत भरू’ असं डॉक्टर म्हणाले की माणूस घाबरतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. हाताच्या शिरेतून थोडं रक्त, साधारण १० ते २० मिलिलिटर, घेतात, ते यंत्रात वेगाने फिरवतात आणि प्लेटलेटनी दाट झालेला पिवळसर थर वेगळा काढतात. तीच पीआरपी, म्हणजे प्लेटलेट-रिच प्लाझ्मा. एरवी एका मायक्रोलिटर रक्तात दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. पीआरपीत त्या साधारण दहा लाखांपर्यंत नेतात. १९९८ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मार्क्स आणि सहकाऱ्यांनी जबड्याच्या हाडाच्या रोपणात पीआरपी वापरली आणि तोंडाच्या शस्त्रक्रियेत ती रुजली.

प्लेटलेटचं काम फक्त रक्त थांबवणं, हा समज अर्धाच खरा आहे. त्यांच्या पोटात जंतूंना मारक अशी छोटी प्रथिनंही साठवलेली असतात आणि जखमेवर गोठताना ती बाहेर पडतात. तोंडातून वेगळ्या केलेल्या जंतूंवर २०१३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत पीआरपी लावून पाहिली. काही स्ट्रेप्टोकोकस, एन्टेरोकोकस आणि कॅन्डिडा बुरशी यांची वाढ रोखली गेली. स्यूडोमोनासवर मात्र काही परिणाम झाला नाही.

इथूनच सगळ्यात घातक गैरसमज सुरू होतो: पीआरपी घेतली की अँटिबायोटिक नको, सफाईही नको. असले बहुतेक प्रयोग काचेच्या बशीतले आहेत. तिथेही परिणाम निवडक जंतूंवरच होतो आणि थोडाच वेळ टिकतो. जंतू थोपवले जातात, सगळे मरत नाहीत. तोंडात तर लाळ वाहत असते आणि हिरडीच्या कप्प्यात जंतूंचा चिकट थर घट्ट बसलेला असतो. मुळाशी पू साठला असेल तर तो बाहेर काढावाच लागतो: चीर देऊन, रूट कॅनल करून किंवा दात काढून. अँटिबायोटिकसुद्धा या कामाची जागा घेत नाही, मग पीआरपी कशी घेईल? दाढ काढलेल्या खळग्यात दुखणं कमी व्हावं, जखम लवकर भरावी, यासाठी तिची मदत होऊ शकते. तिच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवावी.

पीआरपी आणि रक्तापासूनच बनणारी पीआरएफ (प्लेटलेट-रिच फायब्रिन) एकच, असंही समजतात. पीआरएफमध्ये रक्त न गोठण्याचं औषध घालत नाहीत, म्हणून नळीतच जेलीसारखा गोळा तयार होतो आणि तो खळग्यात बसवतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय तुलनेत हिरडीच्या दोन जंतूंना पीआरपीने रोखलं, पीआरएफने नाही. तेव्हा आपल्याला नेमकं काय देणार आहेत, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.

‘स्वतःचंच रक्त, मग धोका कसला?’ रक्त स्वतःचं असलं तरी सुई आणि नळ्या निर्जंतुक हव्यात. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या विनापरवाना स्पामध्ये पीआरपी फेशियल करून घेतलेल्या ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याची नोंद तिथल्या आरोग्य यंत्रणेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. सुई आणि नळीचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात कसला संकोच?

आपल्या पट्ट्यात दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. घरात सिकलसेल असेल तर रक्त काढण्याआधीच डॉक्टरांना सांगा. तोंडातला संसर्गही अशा रुग्णाला सिकलच्या झटक्यात ढकलू शकतो. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा. दुसरी गोष्ट खर्र्याची. दाढ काढल्यावर तंबाखू-सुपारी तोंडात गेली तर जखम भरायला उशीर होतो, वर पीआरपी घातली असली तरी.

आणि जबड्याखाली सूज चढत असेल, तोंड उघडेना, थुंकी गिळवेना किंवा श्वास अडू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री जिल्हा रुग्णालय गाठा.