महागड्या गाडीचा भरवसा कोणाच्या जिवावर?

ऑगस्ट २०१५ मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या मासिकाने टेस्ला कंपनीच्या मॉडेल एस पी८५डी या सेडानला १०० पैकी १०३ गुण दिले. हे मासिक जाहिराती घेत नाही आणि चाचणीची गाडी स्वतःच्या पैशाने, साध्या गिऱ्हाइकासारखी विकत घेते, त्यामुळे त्याच्या शब्दाला तिथे वजन आहे. १ लाख २७ हजार ८२० डॉलरच्या या गाडीने मासिकाची मोजपट्टीच अपुरी पाडली, अशी तेव्हा जगभर चर्चा झाली. पुढे दोनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, त्याच मासिकाने मॉडेल एसची शिफारस मागे घेतली. सुमारे १,४०० मालकांनी कळवलेल्या अनुभवांवरून या गाडीचा टिकाऊपणा सरासरीहून कमी ठरत होता. मोटर आणि गिअर एकत्र असलेला भाग बदलावा लागणे, चार्जिंगच्या यंत्रणेतले बिघाड, मधल्या मोठ्या स्क्रीनच्या तक्रारी, सनरूफमधून झिरपणारे पाणी, अशी ती यादी होती. मासिकाची स्वतःची गाडीही त्यातून सुटली नव्हती. दरवाजाची जी मूठ एरवी आत दडलेली असते आणि हात लावताच बाहेर येते, ती महिनाभरातच बाहेर येईनाशी झाली होती. दोन्ही निकाल एकाच गाडीचे आणि दोन्ही खरे होते. पहिल्याने गाडी आज कशी आहे ते मोजले, दुसऱ्याने ती वापरात कशी टिकते ते मोजले. नव्या आलिशान गाडीची किंमत मात्र पहिल्या निकालावर ठरते आणि दुसरा निकाल हाती येईपर्यंतची जोखीम ग्राहकाच्या माथी येते. ही जोखीम कंपनीने उचलली पाहिजे, आणि ती किती उचलते यावरूनच तिने मागितलेली किंमत रास्त की अवास्तव हे ठरवावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी किमतीचे पाहू. मॉडेल एस जून २०१२ मध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागली, तेव्हा तिची सर्वांत कमी जाहीर किंमत ५७,४०० डॉलर होती आणि ७,५०० डॉलरची करसवलत धरली तर ती ५० हजारांच्या आत येत होती. ही किंमत ४० किलोवॅट-तासाच्या लहान बॅटरीच्या गाडीची होती. एप्रिल २०१३ मध्ये कंपनीने, मागणी फारच थोडी आहे असे सांगून, ही आवृत्ती रद्द केली. ज्यांनी ती नोंदवली होती त्यांना मोठ्या बॅटरीची गाडी सॉफ्टवेअरने मर्यादा घालून दिली गेली. पण पुढच्या ग्राहकासाठी तो आरंभीचा आकडा संपला. दहा वर्षांनी उलट घडले. २०२३ च्या सुरुवातीला जिची किंमत १ लाख ४,९९० डॉलर होती, ती मॉडेल एस त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ७४,९९० डॉलरला मिळू लागली. नव्या ग्राहकाची चंगळ झाली, पण आदल्या वर्षी पूर्ण पैसे मोजलेल्या मालकाच्या गाडीचे बाजारमूल्य काही महिन्यांत घसरले. गाडीत काही बिघाड नसतानाही हे झाले. नव्या गाडीच्या किमतीत ब्रँडचे नाव असते, मागणीचा अंदाज असतो, स्पर्धकाशी चाललेली चढाओढ असते. तिच्यात टिकाऊपणाचा पुरावा नसतो, कारण तो पुरावा तेव्हा अस्तित्वातच नसतो.

हा पुरावा किती उशिरा हाती येतो, ते एका चिपवरून दिसते. मॉडेल एसच्या मधोमध १७ इंची उभी स्क्रीन होती आणि गाडीतली बहुतेक बटणे तिच्यात सामावलेली होती. या स्क्रीनमागच्या संगणकात ८ जीबीची एक मेमरी चिप होती. अशा चिपवर माहिती ठरावीक वेळाच लिहिता आणि पुसता येते, त्यानंतर ती झिजते. गाडी सुरू असताना संगणक सतत नोंदी लिहीत राहायचा आणि पाच-सहा वर्षांत चिपची क्षमता संपायची. मग स्क्रीन काळी पडायची; गाडी मागे घेताना दिसणारे कॅमेऱ्याचे चित्र जायचे आणि काचेवरचे धुके घालवण्याची सोयही बंद व्हायची. गाडीची मूळ वॉरंटी चार वर्षे किंवा ५० हजार मैलांची होती, म्हणजे वॉरंटी संपायची आणि मग चिप मान टाकायची. तक्रारी वाढल्यावर २०२० च्या अखेरीस कंपनीने या भागापुरती हमी आठ वर्षांपर्यंत वाढवली. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या वाहन सुरक्षा प्रशासनाने गाड्या परत बोलवायला सांगितले आणि पुढच्या महिन्यात सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या दुरुस्तीसाठी बोलावण्यात आल्या. लाख डॉलरच्या घरातली गाडी, आणि अडली ती एका किरकोळ सुट्या भागापाशी. २०१२ मध्ये गाडी घेणाऱ्याला हे कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता.

हा दोष नवख्या कंपनीचा आहे, जुन्या नामांकित कंपन्यांकडे असे होत नाही, असे यावर कोणी म्हणेल. मर्सिडीझ-बेंझचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. २००२ मध्ये आलेल्या नव्या ई-क्लासमध्ये या कंपनीने ब्रेकची अगदी वेगळी पद्धत आणली. चालकाने पेडल दाबले की सेन्सर तो दाब मोजत आणि कोणत्या चाकाला किती जोर द्यायचा ते संगणक ठरवी. कागदावर ही पद्धत अधिक सुरक्षित होती. पण मे २००४ मध्ये या ब्रेकसाठी सुमारे ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि मार्च २००५ मध्ये ब्रेक, अल्टरनेटर व बॅटरीच्या नियंत्रणासाठी आणखी सुमारे १३ लाख. या ब्रेकचा पंप प्रत्येक दाब मोजत असे आणि ठरलेला आकडा गाठला की तो भाग बदलण्याची सूचना देई. सेकंड हँड गाडी घेणाऱ्याला हा खर्च बऱ्याचदा गाडी घरी आणल्यावरच समजायचा. २००६ मध्ये ई-क्लासची सुधारित आवृत्ती आली, तेव्हा कंपनी पुन्हा नेहमीच्या हायड्रॉलिक ब्रेककडे वळली होती. त्याआधी, १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातही, याच कंपनीच्या अनेक गाड्यांत इंजिनच्या वायरिंगचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन झडत असे. नाव शंभर वर्षे जुने असले तरी गाडीतला नवा भाग नवाच असतो.

आलिशान सेडानच्या बाबतीत हे वारंवार घडते, याला कारण आहे. वाहन उद्योगात नवे तंत्र आधी सर्वांत महाग गाडीत येते, कारण तिथला ग्राहक त्याची किंमत मोजायला तयार असतो. त्यामुळे ज्या गाडीसाठी सर्वाधिक पैसे मोजले जातात, तिच्यातच न पारखलेले भाग सर्वाधिक असतात. कारखान्यात चाचण्या होतात. गाड्या वाळवंटात तापवतात, बर्फात गोठवतात, रोलरवर लाखो किलोमीटर पळवतात. पण सहा वर्षांची आर्द्रता, धूळ, रोजचे चालू-बंद होणे आणि कधी चुकलेले सर्व्हिसिंग हे सगळे मिळून जे करते, त्याची पूर्ण नक्कल चाचणीत होत नाही. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे गाडी घेणारे ग्राहक, त्यांना ठाऊक असो वा नसो, चाचणीचा शेवटचा टप्पा स्वतःच्या खर्चाने पार पाडत असतात.

मग कंपनीने करायचे काय, याचे उत्तर १९८९ मध्येच एका कंपनीने देऊन ठेवले आहे. टोयोटाने लेक्सस या नव्या नावाने एलएस ४०० ही सेडान त्या वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेत विकायला काढली. तिच्यामागे सहा वर्षांचे काम, सुमारे १,४०० अभियंते आणि ४५० नमुना-गाड्या होत्या. तरीही किंमत ठेवली ३५ हजार डॉलर. त्या तोडीच्या जर्मन गाड्या कितीतरी महाग होत्या, इतक्या की टोयोटा तोटा सोसून गाडी विकते आहे, असा आरोप झाला. पण आलिशान गाड्यांच्या बाजारात नवख्या नावाने असेच यायला हवे होते. भरवसा सिद्ध व्हायचा होता, तोवर त्याचे पैसे मागितले नव्हते. डिसेंबरमध्ये परीक्षा आली. वायरिंग आणि ब्रेकचा दिवा तापणे यासंबंधी मोजक्या तक्रारी येताच कंपनीने तोवर विकलेल्या सुमारे ८ हजार गाड्या परत बोलावल्या. कंपनीची माणसे मालकांच्या दारातून गाडी घेऊन गेली आणि दुरुस्त करून, धुऊन, टाकी भरून परत देऊन गेली. सुमारे तीन आठवड्यांत काम संपले. पुढे जे. डी. पॉवर या संस्थेच्या टिकाऊपणाच्या पाहणीत लेक्सस १९९५ पासून सलग १४ वर्षे पहिली राहिली. याच गाडीची पुढची पिढी १९९४ च्या अखेरीस आली, तेव्हा तिची किंमत ५० हजार डॉलरच्या पुढे गेली होती. येनचा वाढलेला भाव हे त्याचे एक कारण होते, पण वाढीव किंमत ग्राहकांनी मोजली ती पहिल्या गाडीने कमावलेल्या विश्वासावर.

आणखी एक आक्षेप तोलामोलाचा आहे. २०१५ च्या त्याच पाहणीत मॉडेल एसच्या ९७ टक्के मालकांनी आपण पुन्हा हीच गाडी घेऊ असे सांगितले होते. मालक खूश असताना बाहेरच्यांनी चिंता का करावी? या समाधानात तथ्य आहे. गाडी चालवायला विलक्षण होती आणि त्या काळात तिला पर्याय नव्हता. शिवाय बॅटरी व मोटरवर कंपनीने आठ वर्षांची हमी दिलेली होती आणि बहुतेक दुरुस्त्या तेव्हा फुकट होत होत्या. म्हणजे ते समाधान बऱ्याच अंशी हमीच्या आधारावर उभे होते, आणि त्यातून माझेच म्हणणे पक्के होते. जोखीम कंपनीने उचलली की ग्राहक नव्या तंत्रातल्या चुका आनंदाने सोसतो. हमी संपल्यावर दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती तीच गाडी येते तेव्हा त्याला तोच प्रश्न विचारला, तर उत्तर तेवढे खुशीचे येईल असे मानता येत नाही.

हा श्रीमंतांचा प्रश्न आहे, आपला नाही, असे म्हणून तो सोडून देणेही परवडणारे नाही. मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये १९७८ मध्ये आलेली एबीएस ब्रेकप्रणाली आज आपल्याकडच्या साध्या गाडीत असते. मोठी स्क्रीन आणि तिच्यात गेलेली बटणेही आता मध्यमवर्गाच्या गाडीत आली आहेत. वरच्या गाडीत जे नीट तपासले जात नाही, ते काही वर्षांनी खालच्या गाडीत उतरते. पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यात मर्सिडीझची विजेवर चालणारी ईक्यूएस ५८० ही सेडान जोडली जाऊ लागली आणि २०२२ मध्ये ती १ कोटी ५५ लाख रुपयांना, तेही एक्स-शोरूम, बाजारात आली. इथे जोडणी झाल्याने आयातकराचा मोठा बोजा टळतो, हा ग्राहकाचा लाभच. पण पेट्रोल वा डिझेलवरच्या मोठ्या गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे आणि त्यावर राज्याचा वाहनकर वेगळा. हा कर गाडी विकताना परत मिळत नाही. म्हणून आपल्याकडे नवी आलिशान गाडी चुकीची ठरली, तर नुकसान अमेरिकेतल्या ग्राहकापेक्षा जास्त होते.

कायद्याचा आधार आपल्याकडे आहे, पण तोकडा. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सदोष गाड्या परत बोलवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आणि एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना लागू आहेत आणि कंपनीने टाळाटाळ केल्यास १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र दोष सुरक्षेला किंवा पर्यावरणाला बाधक असला तरच हा कायदा कामाला येतो. स्क्रीन बंद पडणे, सनरूफ गळणे, सुट्या भागासाठी दोन महिने गाडी गॅरेजात पडून राहणे, यांवर त्याच्याकडे उत्तर नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या जुन्या, विश्वासाच्या संस्थांनी वाहनमालकांचे अनुभव दरवर्षी पद्धतशीर गोळा करून छापायला घेतले, तर ही उणीव पुष्कळ भरून निघेल.

तोवर ग्राहकाने आपल्यापुरते काही करावे. नव्या मॉडेलचे पहिले वर्ष जाऊ द्यावे. ते शक्य नसेल, तर नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी विक्रेत्याकडून लेखी घ्यावे की स्क्रीन, सेन्सर आणि इतर इलेक्ट्रॉनिक भागांवर किती वर्षांची हमी आहे, ती पुढच्या मालकाकडे जाते का, आणि भाग बदलावा लागला तर तो किती दिवसांत मिळेल. ही हमी कोणी लिहून द्यायला तयार नसेल, तर ती गाडी तिच्या किमतीला महाग आहे असेच समजावे.