‘बंद’ या शब्दाचा अर्थ

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)

आषाढांतील संध्याकाळ आहे. पाऊस कोसळतो आहे, आणि अकस्मात् दिवे जातात. पहिलीं पांच मिनिटें आपण मेणबत्ती शोधण्यांत घालवितों. पुढचीं पांच, शेजाऱ्यांकडेहि अंधारच आहे ना, याची खात्री करून समाधान पावण्यांत. त्यानंतर मात्र धीर सुटतो. सोसायटीचे चिटणीस छत्री उघडून आवाराच्या कोपऱ्यांतील त्या लहानशा खोलीकडे निघतात. तिच्या दारावर कवटीचें लाल चित्र आणि ‘धोका’ हीं अक्षरें असतात. आंत दोन माणसें विजेरीच्या उजेडांत कांहींतरी करीत असतात; खरें सांगावयाचें तर कांहींच करीत नाहींत असें वाटतें. चिटणीस दारांतूनच विचारतात, ‘‘अहो, एक दांडा फिरवायला इतका वेळ कां?’’

प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्यावर मी रागावत नाहीं. त्याचें उत्तर मात्र दारांत उभें राहून देतां येण्यासारखें नसतें. तें आज सावकाश द्यावें म्हणतों.

प्रथम त्या खोलींत असतें काय तें पाहूं. दूरच्या केंद्रांतून वीज लाखों व्होल्टांच्या दाबानें शहराच्या वेशीपर्यंत येते. तेथें तिचा दाब उतरवून ती शहरांत 11, 22 किंवा 33 हजार व्होल्टांच्या दाबानें केबलींतून फिरवितात. दाब मोठा ठेवण्याचें कारण काटकसरीचें आहे. दाब जितका अधिक, तितकी तीच शक्ति वाहून नेण्यास प्रवाह कमी लागतो, आणि तार बारीक चालते. आवारांतील ट्रान्स्फॉर्मर हा दाब आपल्या घरच्या 230 व्होल्टांवर आणून सोडतो. केबल आणि ट्रान्स्फॉर्मर यांच्या मध्यें जीं लोखंडी कपाटें उभीं असतात, त्यांना कारागीर ‘पॅनेल’ म्हणतात. वीज जोडणें, तोडणें आणि बिघाड होतांच आपोआप तोडणें, हें त्यांचें काम. म्हणजे हें घरांतील बटनाचेंच भावंड. परंतु 11 हजार व्होल्टांचें म्हटलें तरी घरच्यापेक्षां जवळजवळ अठ्ठेचाळीस पट दाब सोसणारें.

घरांतील बटन बंद करतांना कधीं कधीं निळसर ठिणगी दिसते आणि विझते. येथें ती सहजासहजीं विझत नाहीं. दोन धातु एकमेकांपासून दूर होऊं लागले कीं मधली हवाच वाहक बनते, आणि तिच्यांतून विजेची ज्वाला वाहूं लागते. तिच्या गाभ्याचें उष्णतामान दहा हजार अंशांहून अधिक चढतें. सूर्याच्या पृष्ठभागाचें उष्णतामान साडेपांच हजार अंशांच्या आसपास आहे, हें लक्षांत घ्यावें. अशा ज्वालेंत तांब्याची वाफ होते, हवा स्फोटासारखी फुगते, आणि कपाटाचें दार गोळीप्रमाणें उडूं शकतें. मध्यम दाबाच्या विजेचा अपघात हा केवळ झटक्याचा नसतो. तो पुष्कळदां भाजण्याचा असतो, आणि तारेला स्पर्श न होतांहि घडतो.

ही ज्वाला कोंडून विझविण्यासाठीं माणसानें नाना युक्त्या केल्या. पूर्वीं धातूचे हे स्पर्शक तेलांत बुडवून ठेवीत. पण तेल स्वतःच पेट घेई. मग सल्फर हेक्झाफ्लोराइड नांवाचा वायु आला. त्याची वीज अडविण्याची शक्ति हवेच्या सुमारें अडीच पट आहे. परंतु निसटलेला एक किलो वायु वातावरण तापविण्याच्या बाबतींत वीस टनांहून अधिक कर्बवायूची बरोबरी करतो. म्हणून युरोपीय संघानें 2024 सालीं नियम करून 24 हजार व्होल्टांपर्यंतच्या नव्या पॅनेलांत त्याचा वापर 2026 पासून सामान्यतः बंद ठरविला. तिसरी युक्ति निर्वाताची. चिनी मातीच्या बंद कुपींत सुमारें एक सेंटिमीटर अंतर पडलें कीं पुरें. आपला प्रवाह सेकंदाला शंभर वेळां शून्यावर येतो. अशा एका शून्याच्या क्षणीं ज्वाला विझते, आणि निर्वातांत तिला पुन्हां पेटण्यास आधार मिळत नाहीं.

युक्ति उत्तम खरी, परंतु तिच्याबरोबर एक अडचण आली. कुपी बंद, टाकी बंद. आंत अंतर पडलें कीं नाहीं, हें डोळ्यांना दिसत नाहीं. आपणांस दिसतो तो बाहेरचा दांडा, आणि त्याच्याशेजारची ‘बंद’ ही खूण. तेव्हां माझा सगळा विषय या एका शब्दापाशीं येऊन थांबतो. घरांत ‘बंद’ म्हणजे बटन वर असणें. त्या खोलींत मात्र ‘बंद’ हें एक अनुमान आहे, आणि अनुमानावर कोणी हात ठेवूं नये.

तें अनुमान चुकतें कसें? दांड्याला आंतील यंत्राशीं जोडणारी सळई तुटलेली असूं शकते. शहरांतील केबली पुष्कळदां कड्याप्रमाणें जोडलेल्या असतात; एका बाजूनें वीज तोडली तरी ती दुसऱ्या बाजूनें येऊन उभी राहते. लांब केबल तोडल्यावरहि आपल्या पोटांत विद्युत्‌भार धरून ठेवते. आणि अलीकडे आणखी एक वाट झाली आहे : आपल्याच इमारतीचा जनरेटर किंवा गच्चीवरील सौर संच. चुकीच्या जोडणीमुळें त्याची वीज उलट्या वाटेनें ट्रान्स्फॉर्मरमध्यें शिरली, तर 230 व्होल्टांचे पुन्हां 11 हजार होतात. ज्या ट्रान्स्फॉर्मरनें दाब उतरविला, तोच तो चढवितोहि.

येथें माझीच एक गोष्ट सांगतों. मी नुकताच परीक्षा देऊन एका कारखान्याच्या सबस्टेशनमध्यें उमेदवारी करीत होतों. चार पॅनेलें ओळीनें उभीं होतीं. तिसऱ्याच्या केबलीचें टोक आम्हांला तपासावयाचें होतें. पुढून दांडा फिरविला, खूण दिसली, कुलूप लागलें. मागें जाऊन तीन आंकड्याचें झांकण आम्हीं काढलें. मी फडकें घेऊन धूळ पुसण्यास पुढें झालों, तोंच वृद्ध मिस्त्रींनीं माझ्या खांद्याला धरून मागें ओढलें. ‘‘साहेब, पाटी माणूसच लावतो. आधीं काठीला विचारूं.’’ त्यांनीं चाचणीची लांब काठी पुढें केली, आणि तिच्या टोकाचा दिवा लखकन् पेटला. कांहीं महिन्यांपूर्वीं रंगकामासाठीं मागचीं झांकणें काढलीं होतीं, आणि परत लावतांना तीन व चार यांची अदलाबदल झाली होती. आमच्या समोर चौथें पॅनेल होतें, आणि तें चालू होतें. त्या दिवशीं मी जेवलों नाहीं. पण पुढच्या आयुष्यांत काठीला विचारल्यावांचून हात पुढें केला नाहीं.

जगभरच्या अनुभवांतून हीच शिकवण पांच पायऱ्यांत बांधली गेली आहे. जर्मनीत तर ‘पांच नियम’ या नांवानेंच ती प्रत्येक उमेदवाराला पाठ करावी लागते. पहिली पायरी : वीज जेथून जेथून येऊं शकते त्या सर्व बाजूंनीं ती तोडणें. दुसरी : तोडलेलें कोणी पुन्हां जोडूं नये म्हणून कुलूप लावणें व ‘माणसें काम करीत आहेत’ अशी पाटी टांगणें, किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशांत राहते. तिसरी : वीज नाहीं हें सिद्ध करणें. यासाठीं चाचणीची काठी प्रथम चालू विजेवर लावून ती स्वतः ठीक आहे हें पाहतात, मग कामाच्या जागीं तिन्ही फेजांना लावतात, आणि शेवटीं पुन्हां चालू विजेवर लावतात; मध्यंतरीं काठीच बिघडली असेल, तर न पेटलेला दिवा काय सांगणार? चौथी : तिन्ही फेज एकमेकांशीं व जमिनीशीं जाड तांब्यानें जोडणें, म्हणजे अर्थिंग करणें. मग पोटांतला भार निघून जातो, आणि कोणी चुकून वीज सोडलीच तर ती माणसावांचून जमिनींत उतरते व मागचा ब्रेकर तुटतो. पांचवी : शेजारीं जें चालू आहे तें झांकून किंवा दोरी बांधून वेगळें करणें. एवढें झाल्यावर जबाबदार माणूस कामाचा लेखी परवाना देतो, आणि मग पान्याला हात लागतो. काम संपल्यावर याच पायऱ्या उलट क्रमानें उतरावयाच्या.

चिटणीसांना जीं माणसें नुसतीं उभीं दिसलीं, तीं या पायऱ्या चढत होतीं.

आतां असा प्रसंगच कमी यावा, यासाठीं काय करतां येतें? बरेंचसें काम पॅनेल उभें करतांनाच ठरून जातें. खोली पाणी चढणार नाहीं अशा जोत्यावर हवी. 26 जुलै 2005 रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला; जोत्याची उंची अशा दिवसाला विचारून ठरवावयाची असते. खालची जमीन समपातळींत हवी, नाहींतर कपाट पिळवटतें आणि आंतील यंत्र अडकूं लागतें. सांध्यांचे नट-बोल्ट अंदाजानें नव्हे, तर ठराविक जोर दाखविणाऱ्या पान्यानें आवळावे लागतात. ढिला सांधा तापतो, तापल्यानें अधिक ढिला होतो, आणि एक दिवस जळतो. केबल आंत येते तीं भोकें बुजविलीं नाहींत, तर पाली, उंदीर व साप उबेसाठीं आंत येतात, आणि दोन तारांमध्यें आडवे पडून स्वतःबरोबर सगळी वस्ती अंधारांत लोटतात. 11 हजार व्होल्टांसाठीं केलेलें पॅनेल कारखान्यांतून निघण्यापूर्वीं 28 हजार व्होल्ट एक मिनिटभर सोसून दाखवितें. जागेवर उभें केल्यावर पुन्हां निरोधन मोजतात, रिलेची परीक्षा घेतात, अर्थिंग तपासतात. यांतील एकहि चांचणी उद्‌घाटनाच्या घाईसाठीं टाळण्याजोगी नाहीं.

पुढें येतें निगेचें काम, आणि येथेंच आपण कमी पडतों. हें यंत्र वर्षानुवर्षें स्वस्थ उभें असतें, आणि एखाद्या क्षणीं त्यानें सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आंत वीज तोडावी, अशी आपली अपेक्षा असते. वर्षभर न हललेल्या यंत्राचें वंगण घट्ट होतें. रिलेनें हुकूम दिला तरी ब्रेकर हलविणारी बॅटरीच मेलेली असेल, तर हुकूम हवेंत विरतो. म्हणून ब्रेकर मधून मधून चालवून पाहणें, बॅटरी तपासणें, सांधे तापतात काय हें उष्णता दाखविणाऱ्या कॅमेऱ्यानें पाहणें, हीं कामें ठरल्या वेळीं झालींच पाहिजेत. आपल्या किनाऱ्यावर दमट खारी हवा हा मोठा शत्रु आहे. निरोधकांवर ओल व धूळ बसली कीं वीज त्यांवरून हळूहळू सरपटूं लागते; सर्पाच्या फुत्कारासारखा बारीक आवाज येतो, तिखट वास सुटतो. खोलीबाहेरून असा आवाज किंवा वास आला, तर दार न उघडतां वीज कंपनीला कळवावें. तें पॅनेलचें शेवटचें आर्जव असूं शकतें.

मोठ्या गृहसंकुलांत व रुग्णालयांत हीं पॅनेलें संस्थेच्याच मालकीचीं असतात. दरवर्षीं चार-सहा तास वीज बंद ठेवून तीं तपासावयाचीं असतात, आणि दरवर्षीं सभेंत कोणीतरी उठून म्हणतें, ‘‘चाललें आहे ना? मग कशाला?’’ या प्रश्नाला मी एकच उत्तर देतों : विजेचा बिघाड तारीख विचारून येत नाहीं, आपण ठरविलेला बंद तेवढा तारीख विचारून येतो. हें काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवावें, आणि त्याचा लेखी अहवाल मागून वाचावा.

बाकी आपल्या हातीं असलेल्या गोष्टी साध्या आहेत. ती खोली म्हणजे मोडक्या खुर्च्यांचें व गणपतीच्या मखराचें कोठार नव्हे. तिच्या दारापुढें मोटार उभी करूं नये. आग लागली तर तेंच दार उघडावयाचें असतें. जनरेटरला दोन्ही वाटा एकाच वेळीं जुळणार नाहींत असा चेंजओव्हर स्विच असावा, आणि गच्चीवर सौर संच असल्यास तो वीज कंपनीच्या नोंदींत असावा. आपण न कळविलेली वीज दुसऱ्याच्या हातांत जाऊन उभी राहते.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त आहे. पुढच्या आषाढांत दिवे गेले, तर छत्री घेऊन खुशाल जावें. मात्र ‘लवकर करा’ असें म्हणूं नये. घाई झाली कीं माणूस पांचांतील एक पायरी गाळतो, आणि ती बहुधा तिसरी असते. कारण ती केल्यानें कांहीं घडलेलें दिसत नाहीं. तेथें उभा असलेला माणूसहि कोणाच्या तरी घरीं परत जावयाचा आहे. त्याला इतकेंच विचारावें, ‘‘काठीला विचारलेंत ना?’’ हा प्रश्न ऐकून तो हंसेल, आणि दिवे येतील तेव्हां ते कोणाचा जीव धोक्यांत न घालतां येतील.