तत्काळ-भार दंतरोपण

तत्काळ-भार दंतरोपण ही जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवून साधारण एका आठवड्याच्या आत त्यांवर स्थिर दंतपंक्ती जोडण्याची दंतवैद्यकीय पद्धत आहे. सर्व दात गमावलेल्या रुग्णांमध्ये ती कवळीला पर्याय ठरते. तिचे यश मुख्यतः शस्त्रक्रियेपूर्वीच्या नियोजनावर अवलंबून असते.

इतिहास

स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. त्यांच्या पद्धतीत हाड इम्प्लांटशी सांधले जावे म्हणून खालच्या जबड्यात सुमारे ३ आणि वरच्या जबड्यात सुमारे ६ महिने थांबत. पुढे पोर्तुगालचे पाउलो मालो यांनी एका जबड्यात चारच इम्प्लांट, मागील दोन तिरके, बसवून त्यांवर लगेच दंतपंक्ती जोडण्याची पद्धत प्रचलित केली. तिरकेपणामुळे खालच्या जबड्यातील चेतातंतू व वरच्या जबड्यातील वायुविवर टाळता येतात.

नियोजन

नियोजनाची सुरुवात हाडापासून नव्हे, तर अपेक्षित दातांपासून होते. प्रथम चाचणी कवळी करून ओठांचा आधार, हास्यरेषा व जबड्यांमधील अंतर ठरवतात. त्यानंतर सीबीसीटी स्कॅनवर हाडाची उंची, रुंदी व घनता मोजतात. इम्प्लांट बसवताना साधारण ३५ न्यूटन-सेंटिमीटर पीळबल मिळाल्यास तत्काळ भार देणे योग्य मानले जाते. सर्व इम्प्लांट एका कडक पट्टीने जोडले जातात. कारण त्यांची हालचाल सुमारे १५० मायक्रोमीटरपेक्षा जास्त झाल्यास हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते व इम्प्लांट सैल होतो.

पूर्व विदर्भातील विशेष बाबी

भंडारा जिल्ह्यासह पूर्व विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना घोटून केलेला खर्रा खाण्याची सवय आढळते. सुपारीमुळे होणाऱ्या सबम्यूकस फायब्रोसिस या विकारात तोंड कमी उघडते. अशा वेळी जबड्याच्या मागील भागात ड्रिल नेणे कठीण होते. मार्गदर्शक साच्यासोबत लागणारे ड्रिल लांब असल्याने अडचण आणखी वाढते. म्हणून तोंड किती उघडते याचे मोजमाप व कर्करोगपूर्व चट्ट्यांची तपासणी आधी करणे आवश्यक असते.

मर्यादा

पुरेशी स्थिरता न मिळाल्यास भार पुढे ढकलून तात्पुरती कवळी देतात. त्यामुळे ही शक्यता रुग्णाला आधीच सांगितली जाते. अनियंत्रित मधुमेह, तंबाखूसेवन व दात खाण्याची सवय यांमुळे अपयशाचा धोका वाढतो. तात्पुरत्या दंतपंक्तीच्या काळात मऊ आहार घ्यावा लागतो. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांटवर बसणारी काढघालीची कवळी हा कमी खर्चाचा पर्याय आहे.