गरी, तंगूस आणि चंची

मासे गरवण्याच्या शौकावर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं, त्यात तंबाखूचा विषय निघाला की गाडी हटकून साहेबाच्या पाइपवर येऊन थांबते. दातांत पाइप, डोक्यावर हॅट, पाण्यावर खिळलेली नजर. हे चित्र आपल्या लिहिणाऱ्यांच्या मनात इतकं पक्कं बसलं आहे की खाडीवरच्या माणसाकडे बघायची कुणाला गरजच वाटत नाही. माझं म्हणणं जुनंच आहे आणि ते मी इथे पुन्हा मांडतो: पाण्यावर तंबाखू न्यायची सर्वांत शहाणी सोय आपल्या कोकणच्या खाड्यांवर झाली, आणि तिचं नाव चंची, म्हणजे पान-तंबाखूची खणाखणांची, गुंडाळायची कापडी पिशवी.

आधी साहेबाचं देणं देऊन टाकू. आयझॅक वॉल्टनच्या मासे गरवण्यावरच्या ग्रंथाला चार्ल्स कॉटनने 1676 साली दुसरा भाग जोडला, त्यातला मासेमार सकाळी पाण्यावर निघण्याआधी पाइप ओढतो. म्हणजे ही जोडी साडेतीनशे वर्षांची तरी आहे. तेव्हाचे पाइप पांढऱ्या मातीचे होते, खिशात ठेवून वाकलं की मोडायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधल्या सॅं क्लोद गावात ब्रायरच्या मुळाच्या गाठीतून पाइप कोरले जाऊ लागले आणि शिकारी-मासेमारांना न फुटणारी, सहसा न जळणारी वस्तू मिळाली. मिसुरीत 1869 पासून मक्याच्या बुरकुंडाचे स्वस्त पाइप निघाले, ते नदीत पडले तरी कुणी हळहळत नसे. आल्फ्रेड डनहिलने 1904 साली वाऱ्याला आड करणाऱ्या पाइपचं पेटंट घेतलं, ते उघड्या मोटारी हाकणाऱ्यांसाठी. पण होडीतल्या माणसालाही वारा तोच. पाइपचा खरा गुण एकच: तो दातांत राहतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. पावसात खोलगट भाग खाली करून तो उलटाही ओढता येतो, खोल समुद्रातले खलाशी तसा ओढत. बाकी पाइप भरणं, दाबणं, कोरणं, पुन्हा पेटवणं हा सगळा व्याप मासा ओढ देतो नेमका त्याच वेळी निघतो.

आपल्याकडचा इतिहासही थोडक्यात. तंबाखू पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली. असद बेग हा अकबराचा सरदार विजापूरहून तंबाखू आणि नळी घेऊन आग्र्याला गेला, ते 1604 च्या सुमारास. जहांगीरने 1617 मध्ये तंबाखूवर बंदी घातली, तिला कुणी जुमानलं नाही. दख्खनच्या नद्यांवर भोयांची चिलीम आली. तिच्यात घालायचा खडा, तोंडाला गुंडाळायची ओली साफी आणि हातोहात फिरवणं, हे सगळं काठावर बसून करायचं काम आहे. डोंगीत चिलीम निभत नाही. मुळा-मुठेच्या ज्या खडस माशाचं वर्णन कर्नल साइक्सने 1839 साली शास्त्राच्या दप्तरी नोंदवलं, तो धरणारे भोई चिलीम काठावर ठेवून पाण्यात उतरत.

विडीची गोष्ट वेगळी. टेंभुर्णीच्या पानातून हवा फारशी खेळत नाही, त्यामुळे झुरका मारला नाही तर विडी आपोआप विझते. घरी बसलेल्या माणसाला हा दोष वाटतो. गरवणाऱ्याला मात्र हेच हवं असतं. तंगूस, म्हणजे गरीचा नायलॉनचा दोर, बोटावर थरथरला की विडी कानावर जाते, मासा आत आला की कानावरून खाली येते. सिगरेट तशीच राखेपर्यंत जळत राहते आणि ओल्या बोटांत लगदा होते. विडीचा धोका मात्र तंगूस आल्यावर वाढला. सुती दोरावर ठिणगी पडली तर तो करपतो, झटकायला वेळ मिळतो. नायलॉनला निखारा टेकला की दोर तिथल्या तिथे वितळून तुटतो. जिताडा गरीला लागलेला असताना हे ज्याने पाहिलं, तो पुन्हा तोंडात पेटती विडी ठेवून दोर ओढत नाही.

श्रीकाकुळम आणि विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर वाऱ्याला उत्तर म्हणून माणसांनी फार टोकाची वाट धरली. तिथे चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी, पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, तेलुगूत त्याला अड्डपोगा म्हणतात. वारा आणि लाटेचे तुषार यांपासून विस्तव वाचवायला कोळ्यांनी हे सुरू केलं, असं सांगितलं जातं. आज ती सवय मुख्यतः बायकांमध्ये आहे आणि टाळूच्या कर्करोगाशी तिचा संबंध डॉक्टरांनी नीट दाखवून दिला आहे. विस्तव वाचला, टाळू गेली.

आता चंची. शेतकऱ्याकडे चंची होती, वारकऱ्याकडे होती, हे मला ठाऊक आहे. पण खाडीवरची चंची निराळी असे. बाणकोटच्या खाडीवर ज्यांच्या होडीत बसून मी गरवायला शिकलो, त्यांची चंची जाड कापडाची होती, आतून मेणकापडाचं अस्तर लावलेली. खणांचा क्रम ठरलेला. सर्वांत बाहेर पान, कारण पान भिजलं तर बिघडत नाही. मग सुपारी आणि अडकित्ता. चुनाळू वेगळ्या खणात, तंबाखूपासून लांब. तंबाखू सर्वांत आत. गुंडाळी करताना आतल्या टोकापासून सुरुवात, म्हणजे तंबाखूभोवती कापडाचे सगळे पदर यावेत. दोरीचे दोन वेढे, गाठ नाही, टोक फक्त खोचलेलं. ओली गाठ सुटत नाही म्हणून. एरवी चंची कमरेला. पाग, म्हणजे फेकायचं जाळं, घेऊन छातीभर पाण्यात उतरायचं असलं की ती डोक्यावरच्या रुमालाखाली जाई.

याहून मोठी गोष्ट म्हणजे ती उघडण्याचा नियम: ज्याचे हात कोरडे, त्याने चंची सोडायची. मालक कुणी का असेना. मालकाने आमिषाची सुंगटं लावलेली असतील, तर होडीतला दुसरा माणूस चंची सोडे, मळे आणि मालकाच्या तळहातावर ठेवी. तंबाखूची वाटणी आपोआप होई. साहेबाचा पाइप एकट्याचा असतो. चंची निदान दोघांची तरी असतेच.

दोन होड्या जवळ आल्या की पहिला प्रश्न “चंची हाय काय?” आणि दुसरा “काय गावला?” असा. हा क्रम उलटा झालेला मी क्वचित ऐकला. तंबाखू दिली-घेतली की मगच तांबोशी कुठल्या खडपाला आहे, ओहोटीला बोय कुठून उतरते, हे सांगितलं जाई. खाडीवरची माहिती कागदावर कुठेच नव्हती, ती या चंचीच्या वळचणीला होती. मला मासेमारीतलं जे काही येतं, त्यातलं बरंचसं चंची उघडी असताना कानावर पडलेलं आहे.

इथे आमच्यातल्याच एका जाणत्या लेखकाशी माझा जुना वाद आहे. तंबाखूचा वास माशाला लागतो ही अंधश्रद्धा आहे, असं ते वर्षानुवर्षं लिहीत आले आहेत. मी मानत नाही. माशाचं घ्राणेंद्रिय फार तीक्ष्ण असतं, आणि शिंगाळ्याच्या जातीच्या माशांना तर मिशांवरच नव्हे, अंगभर चवीची केंद्रं असतात. निकोटीन हे जलचरांना विष आहे. तंबाखूची भुकटी मत्स्यतळी साफ करायला वापरली जात आली आहे, ती याच कारणाने. ज्यांनी मला शिकवलं, ते तंबाखू मळल्यावर खाडीचा चिखल हाताला चोळून धुवत आणि मगच सुंगटाला हात लावत. त्यांनी शास्त्र वाचलं नव्हतं. त्यांचं पोट गरीवर होतं.

दुसरे एक गृहस्थ म्हणतात, या विषयावर लिहूच नये, तंबाखूचं कौतुक होतं. त्यांच्या काळजीचा मी आदर करतो. चुना लावलेल्या तंबाखूने खाडीवरच्या किती घरांत तोंडाचा कर्करोग शिरला हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि ज्यांच्या चंचीचं वर वर्णन केलं तेही त्यातच गेले. तरुणांनी तंबाखूला हात लावू नये, हे मी कुणाच्याही पुढे, कुठेही सांगेन. पण न लिहिल्याने तंबाखू गेली नाही. गेली ती चंची.

आजचा खाडीकाठ बघा. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 साली बंदी आली, तरी जेटीच्या पायऱ्यांवर पुड्यांची चंदेरी कात्रणं पडलेली असतात, भरतीला ती खारफुटीच्या मुळांत जाऊन अडकतात. पुडी एकट्याने फोडायची, एकट्याने तोंडात रिकामी करायची, पाण्यात टाकायची. कोरडे हात कुणाचे हा प्रश्नच उरला नाही. सिगरेटची थोटकं तर गरवणारी सुशिक्षित मंडळीच बिनदिक्कत पाण्यात टाकतात. सॅन डिएगोच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की लिटरभर पाण्यात ओढलेल्या सिगरेटचं एखादं थोटूक भिजलं तरी त्या पाण्यातले निम्मे मासे चार दिवसांत मरतात. खाडी मोठी आहे, भरती-ओहोटी धुऊन नेते, हे खरं. पण ओहोटीला खडपात साचणाऱ्या डबक्यांत बोयांची पिल्लं असतात, आणि थोटूक तिथेच येऊन पडतं. ज्या पाण्याकडे मासा मागायला आपण जातो त्यात विष टाकणाऱ्याला मी गरवणारा म्हणत नाही.

हल्ली काठावर माणसं शेजारी शेजारी बसतात, कानांत यंत्रं घालून. जागा नकाशावर शोधतात, मासा मिळाला की फोटो काढतात, शेजाऱ्याला मात्र काही विचारत नाहीत. मी पाहिलेली खाडी विचारण्यावर चालत असे, आणि विचारायला हातात काहीतरी द्यावं लागे.

म्हणून नव्याने गरवायला लागणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. तंबाखू घरीही ठेवू नका. पण गावातल्या शिंप्याकडून मेणकापडाच्या अस्तराची चंची शिवून घ्या. बाहेरच्या खणात जादा गऱ्या आणि शिसं, मधे तंगुसाची गुंडी, सर्वांत आत भाजलेली बडीशेप, ओवा, खोबऱ्याचे तुकडे. काठावर अनोळखी माणूस भेटला की ती पुढे करा, आणि सोडू द्या त्यालाच, त्याचे हात कोरडे असतील तर. खाडी वाचायला शिकवणारी माणसं अजून आहेत. ती म्हातारी झाली आहेत, पण विचारलं तर सांगतात.