पुल्लिंगाचं बहुमत आणि एक टिंब

फ्रान्सच्या शाळांत लिंगाचा नियम शिकवताना मुलांकडून पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य पाठ करून घेतलं जात आलं आहे: पुल्लिंग स्त्रीलिंगावर मात करतं. वर्गात तीस मुली असोत आणि मुलगा एकच असो, त्या सगळ्यांबद्दल बोलताना सर्वनाम पुल्लिंगी, विशेषण पुल्लिंगी आणि क्रियापदाचं धातुसाधितही बहुतेक वेळा पुल्लिंगी येतं. नियम व्याकरणाचा आहे, पण तो शिकणारी मुलं सात-आठ वर्षांची असतात. कोणी कोणावर मात करायची, हे त्यांच्या कानावर त्याच शब्दांत पडतं. फ्रान्समध्ये गेली चाळीस वर्षं चाललेल्या भाषेच्या भांडणाचा एक धागा इथून निघतो.

नियमाची गरज का पडते, ते आधी पाहू. फ्रेंचमध्ये लिंगं दोनच आहेत. लॅटिनमधलं नपुंसकलिंग तिच्यात उतरलं नाही, त्यामुळे प्रत्येक नाम स्त्रीलिंगी किंवा पुल्लिंगी असतं आणि आजूबाजूचे शब्द त्याच्याशी जुळवून घेतात. मराठीत आपण ‘मुलं आली’ म्हणतो आणि त्या नपुंसकलिंगात मुलगे-मुली दोघंही मावतात. फ्रेंच माणसाला ही पळवाट नाही. मिश्र घोळक्याबद्दल वाक्य लिहायचं तर दोनांपैकी एक लिंग निवडावंच लागतं, आणि शाळेतला नियम सांगतो की निवड आधीच झालेली आहे.

ही निवड भाषेसोबत जन्माला आलेली नाही. सतराव्या शतकापर्यंतच्या लेखनात दोन्ही रीती दिसतात. पुल्लिंगी विशेषण तर असेच, पण विशेषण ज्या नामाच्या सर्वांत जवळ असेल त्याचं लिंग त्याला देण्याचीही मुभा होती. ‘पुरुष आणि स्त्रिया’ या क्रमानंतर येणारं विशेषण मग स्त्रीलिंगी होई. रासीनने 1691च्या ‘आताली’ नाटकातही असं केलं आहे. व्याकरणकारांनी पुढे हे दार हळूहळू बंद केलं आणि त्याचं कारणही उघडपणे लिहून ठेवलं. वोज्लाने 1647मध्ये पुल्लिंगाला अधिक ‘श्रेष्ठ’ म्हटलं. बोझेने 1767मध्ये त्याच्या श्रेष्ठत्वाचा आधार नराचं मादीवरचं वर्चस्व हा दिला. ‘पुल्लिंग म्हणजे तटस्थ रूप’ हे स्पष्टीकरण आज दिलं जातं, पण नियम घडवणाऱ्यांच्या लेखनात कारण वेगळंच आहे, आणि ते वाचल्यावर हा सारा वाद उगाचचा आहे असं मला म्हणवत नाही.

‘समावेशक लेखन’ या नावाखाली खरं तर चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात: पदांची स्त्रीलिंगी रूपं, मिश्र गटाचा नियम, मधलं टिंब आणि नवी सर्वनामं. राजकीय चर्चेत त्या एकाच पोत्यात भरल्या जातात. त्यांचा इतिहास मात्र वेगवेगळा आहे, आणि त्यांचं यशही.

पदांपासून सुरुवात करू, कारण तिथे निकाल लागला आहे. बेकरी चालवणारी बाई किंवा परिचारिका यांच्यासाठीच्या स्त्रीलिंगी शब्दांवर कोणाचाच आक्षेप नव्हता. ‘सेक्रेतेर’ या शब्दाची गोष्ट तर डोळे उघडणारी आहे. कचेरीत टंकलेखन करणारी बाई असेल तर त्याच्या आधी स्त्रीलिंगी ‘ला’, आणि तीच बाई सरकारात राज्यमंत्री झाली की त्याच शब्दाआधी पुल्लिंगी ‘ल’. शब्दाचं रूप तसूभरही बदलत नाही. बदलतो तो हुद्दा. हरकत व्याकरणाची नव्हती, मानाच्या खुर्चीची होती.

क्वेबेक या बाबतीत पुढे निघालं. तिथल्या भाषा-कार्यालयाने 1979मध्येच स्त्रीलिंगी पदनामं वापरायची शिफारस केली. फ्रान्समध्ये 1984मध्ये महिला हक्क मंत्री इव्हेत रूदी यांनी लेखिका बेनोआत ग्रूल्त यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि 1986मध्ये पंतप्रधान लोराँ फाब्युस यांचं परिपत्रक निघालं. फ्रेंच अकादमीने विरोध केला. 1635मध्ये रिशेल्यूने स्थापलेल्या या संस्थेत चाळीस आसनं आहेत, आणि पहिली स्त्री, मार्गरीत युर्सनार, निवडून आली ती 1980मध्ये. परिपत्रक बराच काळ कागदावरच राहिलं. 1998मध्ये पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ यांना ते पुन्हा काढावं लागलं, आणि पुढच्या वर्षी शब्दांची मार्गदर्शिका आली. 2014मध्ये एका खासदाराने सभागृहाच्या अध्यक्षस्थानी बसलेल्या बाईंना हट्टाने पुल्लिंगी संबोधन लावलं, तेव्हा त्याच्या महिन्याच्या भत्त्याचा चौथा हिस्सा कापला गेला. शेवटी 28 फेब्रुवारी 2019 रोजी अकादमीने पदांच्या स्त्रीलिंगी रूपांना मान्यता दिली. तोवर लोक ते शब्द सर्रास वापरत होते. ‘ओत्रीस’ हा लेखिकेसाठीचा जुना शब्द शतकानुशतकं बाजूला पडला होता, तोही परत आला.

आता टिंब. सगळा धुरळा उडाला तो त्यानेच. विद्यार्थ्यासाठी फ्रेंच शब्द ‘एत्युद्याँ’, विद्यार्थिनीसाठी ‘एत्युद्याँत’. लिखाणात फरक शेवटच्या एका ‘ई’ अक्षराचा, आणि अनेकवचनासाठी त्यापुढे ‘एस’. दोघांना एका शब्दात आणायचं तर पुल्लिंगी रूप लिहायचं, ओळीच्या मध्यउंचीवर टिंब द्यायचं, मग ‘ई’, पुन्हा टिंब आणि ‘एस’. कल्पना अगदी नवी नाही. ‘जन्म’ या रकान्यात स्त्रीलिंगी अक्षर कंसात टाकणारे सरकारी फॉर्म फ्रेंचांनी आयुष्यभर भरले आहेत. टिंबाच्या पुरस्कर्त्यांचं म्हणणं असं की कंसातली गोष्ट बाजूला टाकलेली वाटते, टिंबात तसं होत नाही.

पण फ्रेंचची एक खासियत इथे आडवी येते. तिच्या लिखाणातली अनेक अक्षरं उच्चारलीच जात नाहीत. मित्र आणि मैत्रीण दोन्हींचा उच्चार ‘आमी’च होतो. तिथे टिंब डोळ्यांपुरतं राहतं. ‘एत्युद्याँ’च्या बाबतीत मात्र मोठ्याने वाचताना ‘विद्यार्थी आणि विद्यार्थिनी’ असा विस्तार करावा लागतो. पुरस्कर्ते म्हणतात, मग काय बिघडलं, ‘मस्य’ म्हणजे ‘श्रीयुत’, त्यासाठी लिहिलेलं एक अक्षरही आपण पूर्ण शब्द म्हणूनच वाचतो. हे बरोबर आहे. तरी ज्यांचा मजकूर यंत्र वाचून दाखवतं अशा दृष्टिहीन वाचकांची आणि अक्षरांशी झगडणाऱ्या मुलांची तक्रार मला खरी वाटते. दर दोन शब्दांआड टिंबं पेरलेलं पान मलाही जड जातं. सूचनाफलकावर किंवा कोष्टकात जागा वाचवायला टिंब शोभतं, परिच्छेदामागून परिच्छेद लिहायला नाही.

2015मध्ये स्त्री-पुरुष समतेच्या सरकारी उच्च परिषदेने अशा लेखनासाठी मार्गदर्शिका काढली. 2017मध्ये आतिए प्रकाशनाच्या तिसरीच्या पाठ्यपुस्तकात शेतकऱ्यांसाठी टिंबवाला शब्द छापून आला आणि सप्टेंबरात वर्तमानपत्रांनी तो उचलला. 26 ऑक्टोबरला अकादमीने जाहीर केलं की फ्रेंच भाषा प्राणांतिक संकटात आहे. नोव्हेंबरात 314 शिक्षकांनी उलट बाजूने पत्रक काढलं: ‘पुल्लिंग मात करतं’ हे आम्ही यापुढे शिकवणार नाही. 21 नोव्हेंबरला पंतप्रधान एदुआर फिलीप यांनी सरकारी मजकुरात टिंबाला मनाई केली. त्याच परिपत्रकात मात्र स्त्रियांची पदं स्त्रीलिंगीच लिहावीत आणि भरतीच्या जाहिरातीत ‘उमेदवार’ शब्दाची दोन्ही रूपं द्यावीत, असंही सांगितलं होतं.

वादात एक प्रयोगही सतत पुढे येतो. स्वित्झर्लंडच्या फ्रिबूर विद्यापीठातले पास्काल जिगाक्स आणि सहकाऱ्यांनी 2008मध्ये वाचकांना आधी पुल्लिंगी अनेकवचनातलं एखादं व्यवसायनाम असलेलं वाक्य दिलं. नंतरच्या वाक्यात त्या गटात काही स्त्रिया किंवा काही पुरुष असल्याचा उल्लेख होता. दुसरं वाक्य पहिल्याशी जुळतं का, एवढंच सांगायचं होतं. फ्रेंच आणि जर्मन वाचकांना पुरुषांचं वाक्य अधिक सहज जुळलं, बायकांचे समजले जाणारे व्यवसाय असले तरीही. इंग्रजी वाचक मात्र व्यवसायाबद्दलच्या रूढ समजुतीप्रमाणे उत्तर देत होते. पुल्लिंग वाचकाच्या मनात तटस्थ राहतंच, असं यानंतर ठामपणे म्हणणं अवघड आहे.

तरीही राजकारण टिंबाभोवतीच फिरत राहिलं. मे 2021मध्ये शिक्षणमंत्री ब्लांकेर यांनी शाळांत ते वापरायला बंदी केली. त्या वर्षाच्या शेवटी ‘रोबेर’ शब्दकोशाने आपल्या ऑनलाइन आवृत्तीत ‘इल’ (तो) आणि ‘एल’ (ती) जोडून बनलेलं ‘येल’ हे सर्वनाम नोंदवलं. एका खासदाराने अकादमीकडे तक्रार केली आणि ब्लांकेर यांनी त्याला पाठिंबा दिला. शब्दकोशाचं उत्तर सरळ होतं: शब्द वापरात दिसतो म्हणून नोंदला. स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्या माणसांना हे सर्वनाम हवं आहे, आणि पदांच्या प्रश्नाहून हा प्रश्न वेगळा आहे.

30 ऑक्टोबर 2023 रोजी राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी व्हिलेर-कोतरे इथे फ्रेंच भाषेच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचं उद्‌घाटन केलं. याच गावी 1539मध्ये राजा फ्राँस्वा पहिला याने न्यायालयीन कागदपत्रं फ्रेंचमध्ये लिहिण्याचा हुकूम काढला होता. आपल्या भाषेत पुल्लिंगच तटस्थ आहे, शब्दांच्या मधे टिंबं घालायची गरज नाही, असं ते तिथे म्हणाले. त्याच दिवशी सेनेटने समावेशक लेखनावर बंदी घालणारं विधेयक 221 विरुद्ध 82 मतांनी मंजूर केलं. नोकरीचे करार, कंपन्यांची नियमावली, वस्तूंच्या वापराच्या सूचना हे सारं त्याच्या कक्षेत येतं. राष्ट्रीय सभेच्या मंजुरीखेरीज त्याचा कायदा होत नाही.

माक्रों स्वतः भाषणांत लोकांना उद्देशून ‘सेल ए स’, म्हणजे ‘ज्या स्त्रिया आणि जे पुरुष’, असं वारंवार म्हणतात. माजी राष्ट्राध्यक्ष द गॉलही ‘फ्राँसेज, फ्राँसे’ अशी साद घालत, स्त्रियांना आधी ठेवून. समावेशक लेखनाच्या मार्गदर्शिका टिंबाच्या बरोबरीने जी रीत सुचवतात ती हीच, दोन्ही रूपं पूर्ण लिहिण्याची. टिंबाचे कडवे विरोधकही ती सभेत वापरतात, आणि फिलीप यांच्या परिपत्रकाने भरतीच्या जाहिरातींसाठी तीच सांगितली आहे.